रीपर: घरच्या रेकॉर्डिंगसाठी साठ डॉलरचे सॉफ्टवेअर

काकांची पेटी नीट ध्वनिमुद्रित करून ठेवावी, एवढ्या साध्या हेतूने मी दीड वर्षापूर्वी या उद्योगाला लागलो. काका साताऱ्यात आमच्या पेठेतल्या भजनी मंडळात गेली चाळीस वर्षे साथ करतात. त्यांचे आजवर जे काही रेकॉर्डिंग झाले आहे ते कोणीतरी मोबाइल हातात धरून केलेले असून त्यात पेटीपेक्षा टाळ आणि टाळांपेक्षा शेजारच्याचे खोकणे जास्त ऐकू येते. माझ्याकडे चार जीबी रॅमचा जुना लॅपटॉप, मागच्या बाजूची एक खोली आणि वीस हजारांच्या आसपास खर्च करण्याची तयारी एवढेच भांडवल होते. या भांडवलात रीपर हे सॉफ्टवेअर घेऊन मी काय करू शकलो आणि कुठे अडलो, ते इथे सविस्तर लिहीत आहे.

सॉफ्टवेअर कोणते घ्यावे हा प्रश्न आपल्याकडे बहुतेक जण स्वतःला विचारतच नाहीत, कारण ओळखीतला कोणीतरी पेनड्राइव्हवरून काहीतरी ‘टाकून देतो’. मलाही एका दुरुस्तीवाल्याने एक नामांकित सॉफ्टवेअर क्रॅक करून टाकून दिले होते. दोन आठवड्यांनी अँटीव्हायरसने त्याच्या चार फाइली उचलून बाजूला ठेवल्या, आणि तोपर्यंत केलेले तीन अभंग कायमचे बंद झाले. चोरीच्या वस्तूची तक्रार कोणाकडे करणार, म्हणून गप्प बसलो आणि कायदेशीर, स्वस्त आणि जुन्या लॅपटॉपवर चालेल असे काही मिळते का ते शोधू लागलो.

रीपर कॉकोस या छोट्या अमेरिकन कंपनीचे आहे, आणि ती कंपनी जस्टिन फ्रँकेल यांची. नव्वदीच्या अखेरीस सायबर कॅफेत बसून गाणी ऐकलेल्या वाचकांना विनॅम्पची ती हिरव्या आकड्यांची काळी खिडकी आठवत असेल. विनॅम्प १९९७ साली याच फ्रँकेल यांनी आणला आणि १९९९ मध्ये त्यांची कंपनी एओएल या अमेरिकन इंटरनेट कंपनीने विकत घेतली. रीपर २००५ च्या अखेरीस लोकांपुढे आले, त्याची पहिली पूर्ण आवृत्ती २००६ ची, आणि सध्या चालू असलेली सातवी आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये निघाली. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर ते चालते. विंडोजवर उतरवायची फाइल वीस एमबीलासुद्धा पोहोचत नाही, म्हणजे लग्नाच्या अल्बममधल्या चार फोटोंपेक्षा लहान. या क्षेत्रातली इतर सॉफ्टवेअरे काही जीबींची असतात हे माहीत असल्यामुळे पहिल्यांदा मला फाइल अर्धवट उतरली असेच वाटले.

किमतीची व्यवस्था सरळ आहे. साठ दिवस संपूर्ण सॉफ्टवेअर, एकही सोय न कापता, फुकट वापरता येते. त्यानंतर ते बंद पडत नाही; फक्त उघडताना एक आठवणीची खिडकी समोर येते आणि काही सेकंद थांबायला लावते. अटींप्रमाणे मात्र साठ दिवसांनंतर पैसे भरायला हवेत. घरगुती वापरासाठी, किंवा या कामातून वर्षाकाठी २०,००० डॉलरपेक्षा जास्त उलाढाल होत नसेल तर, परवाना ६० डॉलरला मिळतो. त्यापुढच्या व्यावसायिकांना २२५ डॉलर पडतात. दोन्ही परवान्यांत सॉफ्टवेअर तेच असते, स्वस्त परवानेवाल्याच्या हातात अर्धे बुजगावणे दिलेले नसते. सातव्या आवृत्तीत घेतलेला परवाना आठवी आवृत्ती संपेपर्यंत चालतो. मी छप्पन्नाव्या दिवशी पैसे भरले. कार्डावर परदेशी व्यवहार सुरू करून घ्यावे लागले आणि बँकेचे शुल्क धरून हिशेब पाच हजार तीनशेच्या घरात गेला. पाच हजार ही रक्कम लहान नाही, पण ती भरण्याआधी मी दोन महिने याच सॉफ्टवेअरवर काम केलेले होते, हे मला महत्त्वाचे वाटते.

उरलेल्या पैशांचे काय केले तेही सांगितले पाहिजे, कारण रीपरची खरी किंमत या हिशेबात कळते. एक माईक लावता येईल असा साधा यूएसबी ऑडिओ इंटरफेस (माईकचा आवाज संगणकात नेणारे उपकरण) साडेपाच हजार, डायनॅमिक माईक चार हजार, कान पूर्ण झाकणारे बंद पाठीचे हेडफोन साडेचार हजार, स्टँड आणि केबल मिळून बाराशे. रीपर धरून एकूण साडेवीस हजार. नव्याने सुरुवात करणारा माणूस सगळा जीव सॉफ्टवेअर आणि प्लगइन (त्याला जोडायचे छोटे जोडप्रोग्राम) जमवण्यात घालवतो आणि आवाज ज्या दारातून आत येतो त्या दारावर शेवटी दोन हजारही उरत नाहीत. माझेही पहिल्यांदा तसेच झाले होते. ऑनलाइन मागवलेला, दिसायला अगदी रेडिओ स्टेशनसारखा दिसणारा स्वस्त कंडेन्सर माईक मी थेट लॅपटॉपच्या भोकात घातला, आणि पेटीचा आवाज पाण्याच्या टाकीतून आल्यासारखा आला. कंडेन्सर माईकला साधारणपणे ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा, म्हणजे माईकच्याच केबलमधून जाणारी वीज, लागतो आणि तो इंटरफेससारख्या उपकरणातून मिळतो, हे त्या खोक्यावर कुठेही ठळकपणे लिहिलेले नव्हते. डायनॅमिक माईकला हा पुरवठा लागत नाही, आणि तो जवळचे ऐकतो, लांबचे फारसे ऐकत नाही. ज्या घरात कुकरची शिट्टी, पंखा आणि खालून जाणारी स्कूटर यांना दाराबाहेर ठेवता येत नाही, त्या घरात हा त्याचा गुण मोलाचा ठरतो.

आता मुख्य विषय. रीपर उघडल्यावर समोर करड्या रंगाची जवळजवळ रिकामी खिडकी येते. स्वागत नाही, नमुन्याचे गाणे नाही, ‘इथून सुरुवात करा’ असे सांगणारे कोणी नाही. सरकारी कचेरीत पहिल्यांदा गेल्यासारखे वाटते: सगळे खाते तिथे आहे, पण कोणत्या खिडकीपुढे उभे राहायचे ते आपणच शोधायचे. डावीकडच्या मोकळ्या जागेवर दोनदा टिचकी मारली की एक ट्रॅक तयार होतो, हे कळायलासुद्धा मला पंधरा मिनिटे लागली. ते कळल्यावर मात्र एक गोष्ट आवडली. इतर ठिकाणी आवाजाचा ट्रॅक वेगळा, मिडीचा (म्हणजे आवाजाऐवजी संगणकातले वाद्य वाजवणाऱ्या सूचनांचा) वेगळा, गटाचा वेगळा असे प्रकार असतात. रीपरमध्ये ट्रॅक हा फक्त ट्रॅक असतो, त्यात काहीही ठेवा, आणि त्याच्या पोटात दुसरे ट्रॅक घातले की तो आपोआप फोल्डर होतो. टाळ, पखवाज आणि कोरस एका फोल्डरमध्ये टाकून त्यांचा एकत्र आवाज एकाच पट्टीने कमीजास्त करता येतो, हे भजनाच्या मिक्सिंगला फार सोयीचे आहे.

लेटन्सी, म्हणजे गायलेला सूर संगणकातून फिरून हेडफोनमध्ये परत येईपर्यंतचा उशीर, ही नवशिक्याची पहिली खरी अडचण. रीपरच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात सध्याची सेटिंग आणि उशीर दोन्ही आकड्यांत दिसतात, त्यामुळे अंदाजाने चाचपडावे लागत नाही. सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने घेताना बफर, म्हणजे संगणक एका वेळी हाताळतो तो नमुन्यांचा गठ्ठा, २५६ ठेवला तर एका दिशेचा उशीर सुमारे ५.८ मिलिसेकंद होतो, १,०२४ ठेवला तर २३ च्या पुढे जातो. येण्याजाण्याचा मिळून याच्या दुप्पट आणि वर थोडा. माझ्या लॅपटॉपवर २५६ च्या खाली गेले की आवाज फुटाण्यासारखा तडतडतो. उपाय सॉफ्टवेअरमध्ये नसून इंटरफेसवरच असतो: त्यावरचे डायरेक्ट मॉनिटरचे बटण दाबले की माईकचा आवाज संगणकात न जाता सरळ हेडफोनला मिळतो. त्या वेळी रीपरमधल्या ट्रॅकचे मॉनिटरिंग, म्हणजे माईकचा आवाज परत ऐकवणे, बंद करायला विसरू नये, नाहीतर गाणाऱ्याला स्वतःचाच आवाज दोनदा, एकामागे एक ऐकू येतो. काकांनी पहिल्याच दिवशी हेडफोन काढून विचारले, “माझ्यामागे कोण वाजवतंय?”

फाइली कुठे जातात याकडे पहिल्या दिवसापासून लक्ष द्यावे. प्रोजेक्ट जतन न करताच रेकॉर्डिंगचे लाल बटण दाबले की आवाजाच्या फाइली एका सर्वसाधारण फोल्डरमध्ये जाऊन पडतात आणि प्रोजेक्टमध्ये फक्त त्यांचा पत्ता राहतो. मी असाच एक प्रोजेक्ट पेनड्राइव्हवर घेऊन पुण्याला भावाकडे गेलो आणि तिथे उघडला तर सगळे ट्रॅक जागेवर, पण आवाज साताऱ्यात. चूक माझी होती. जतन करतानाच्या खिडकीत प्रोजेक्टसाठी स्वतंत्र फोल्डर करण्याची आणि सगळा आवाज त्यात नक्कल करून घेण्याची अशा दोन चौकटी स्पष्ट दिलेल्या आहेत, त्यांवर खूण केली की प्रश्न मिटतो. चोवीस बिटमध्ये एका माईकचा एक मिनिट साधारण आठ एमबी घेतो, म्हणजे तासभराच्या भजनाचा एक ट्रॅक अर्ध्या जीबीत बसतो. खुद्द प्रोजेक्टची फाइल साध्या मजकुराची असते, नोटपॅडमध्येही उघडते, आणि आधीच्या जतनाची एक प्रत रीपर शेजारी ठेवते. क्रॅकवाल्या सॉफ्टवेअरमध्ये तीन अभंग गमावलेल्या माणसाला या गोष्टीचे मोल वेगळे सांगायला नको.

रीपरची आणि आपल्या संगीताची खरी गाठ पडते ती तालात. ही सगळी सॉफ्टवेअरे चार मात्रांच्या पाश्चात्त्य गाण्याला समोर ठेवून घडवलेली आहेत. पहिली मात्रा जोरात, बाकीच्या हलक्या, आणि लय सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच. भजनी ठेक्याच्या आठ मात्रा त्यात कशाही बसतात. सात मात्रांचा रूपक ताल मात्र बसत नाही. सात मात्रांचे माप घातले की मेट्रोनोम सात मोजतो खरा, पण समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, ठणकन वाजतो, आणि रूपकात तर समेवरच ‘खाली’, म्हणजे बिनजोराची मात्रा, असते. टाळ्या आहेत चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर. माझा एक तबलजी मित्र तो क्लिक ऐकून दोन आवर्तनांत हात आवरून बसला. रीपरमध्ये मेट्रोनोमच्या प्रत्येक मात्रेचा जोर वेगळा ठरवता येतो, त्यामुळे मी पहिली मात्रा हलकी आणि चौथी व सहावी जोरकस करून घेतली, आणि दुसऱ्या खेपेला त्याच मित्राने तक्रार न करता वाजवले. सोळा मात्रांचा त्रिताल एकाच मापात घालायचा तर तोही घालता येतो.

लयीचा प्रश्न याहून अवघड आहे. अभंग ठायीत सुरू होतो, गजरापर्यंत चढत जातो आणि शेवटी दुगुनीत टाळ कुटले जातात. हा चढ क्लिकवर वाजवायला लावला तर भजनाचा प्राण जातो. म्हणून आम्ही क्लिक न लावता वाजवतो आणि नंतर रीपरला ताल समजावून सांगतो: एका आवर्तनाइतका भाग निवडायचा, त्यावरून माप तयार करण्याची आज्ञा द्यायची, मग पुढचे आवर्तन. पाच मिनिटांच्या अभंगाला अर्धा तास लागतो, पण त्यानंतर पडद्यावरच्या रेघा आपल्या लयीबरोबर चालतात आणि मागून एखादे वाद्य मिडीवर भरायचे झाले तर ते समेवर येते. इथे एक खाचखळगा आहे. रीपरची मूळ मांडणी अशी, की लय बदलली की आधी रेकॉर्ड केलेला आवाजही त्या लयीप्रमाणे ताणला किंवा आवळला जातो. पहिल्या वेळी मी तिसरे आवर्तन बांधले आणि काकांची पेटी एकाएकी लडखडायला लागली. प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये टाइमबेस मात्रांऐवजी वेळेवर ठेवला की आवाज जागचा हलत नाही. जिवंत वादन रेकॉर्ड करणाऱ्याने हा बदल पहिल्याच दिवशी करून तो कायमचा ठेवावा.

पेटीच्या सुराची गोष्टही अशीच. काकांची पेटी जुनी आहे आणि तिची काळी एक आजच्या प्रमाण सुरापेक्षा थोडी उतरलेली आहे; कानाला एकटी गोड लागते, पण संगणकातला तंबोरा शेजारी लावला की दोन बहिणी भांडायला लागतात. रीपरसोबत येणारा रीट्यून हा प्लगइन सूर किती सेंटने वरखाली आहे ते दाखवतो, पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमध्ये (काळ्या धरून) शंभर सेंट या हिशेबाने आमची पेटी अठरा सेंट खाली निघाली. चाळीस वर्षे वाजवलेली पेटी संगणकासाठी कोणी जुळवून घेत नाही, म्हणून मी तंबोऱ्याच्या ट्रॅकवर रीपिच हा सूर वरखाली करणारा प्लगइन लावून तंबोराच अठरा सेंट उतरवला. तंबोरा रीपरमध्ये मिळत नाही. मित्राच्या खऱ्या तंबोऱ्याची दोन मिनिटे रेकॉर्ड करून घेतली. त्या तुकड्याची कड ओढली की तो पुन्हापुन्हा वाजतो, पण जोडावर बारीकसा ठेचा लागतो. त्याऐवजी तुकड्याच्या नकला एकमेकांवर दोन-तीन सेकंद चढवून ठेवल्या की रीपर आपण होऊन एकाचा आवाज उतरवत दुसऱ्याचा चढवते आणि जोड कुठे आहे ते मलाही आता सापडत नाही.

सोबत मिळणाऱ्या प्लगइनांचे रूप बघून कोणीही नाक मुरडेल. ज्यांनी जाहिरातींमध्ये चकाकती बटणे आणि डुलणारे काटे पाहिले आहेत त्यांना रीईक्यू (आवाजातला जाडबारीकपणा ठरवणारा) आणि रीकॉम्प (आवाजाचे चढउतार आवरणारा) हे वीजबिलाच्या फॉर्मसारखे दिसतील. कामाला मात्र ते चोख आहेत. त्यांतल्या दोघांविषयी थोडे अधिक लिहितो.

पहिला रीएफआयआर. आमच्या घराचे अर्थिंग जेमतेम असल्यामुळे चार्जर लावला की रेकॉर्डिंगमध्ये एक घूं असा आवाज बसतो. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करणे, आणि मी आता तसेच करतो. पण जुन्या रेकॉर्डिंगमधली घरघर काढायला हा प्लगइन उपयोगी पडला. त्याला वजाबाकीच्या पद्धतीवर ठेवायचे, कोणीही वाजवत नसलेला दोन-तीन सेकंदांचा भाग ऐकवून नुसत्या गोंगाटाचा नमुना घ्यायला सांगायचे, आणि मग तो नमुना संपूर्ण रेकॉर्डिंगमधून वजा होतो. नमुना घेऊन झाल्यावर त्या चौकटीवरची खूण आठवणीने काढायची, नाहीतर पुढे सुरू होणारी पेटीसुद्धा त्याला गोंगाटच वाटते आणि तो तिलाही मन लावून वजा करतो. जास्त जोर लावला तर भात्याचा श्वास जातो आणि पेटी प्लॅस्टिकची वाटते, त्यामुळे थोडी घरघर राहू द्यावी असे माझे मत आहे.

दुसरा रीव्हर्ब. मागच्या खोलीत आम्ही दोन्ही भिंतींवर गोधड्या टांगतो, त्यामुळे आवाज कोरडा ठणठणीत येतो. भजनाला मात्र देवळाचा घुमारा हवा. रीव्हर्बमध्ये खऱ्या जागेचा घुमारा घालता येतो, फक्त त्या जागेत एक क्षणिक, मोठा आवाज करून त्याचा पडसाद रेकॉर्ड केलेला हवा. आम्ही दुपारी सामसूम असताना पेठेतल्या विठ्ठलाच्या देवळात गेलो आणि पुजाऱ्यांची परवानगी घेऊन सभामंडपात फुगा फोडला. पहिला फुगा फुटताच कबुतरे उडाली आणि ते रेकॉर्डिंग वाया गेले. दुसऱ्या फुग्याला कबुतरे परत आलेली नव्हती. त्या फुग्याचा दोन सेकंदांचा पडसाद फाइल म्हणून रीव्हर्बमध्ये घातला आणि काकांच्या कोरड्या पेटीवर जेमतेम पंधरा टक्के मिसळला. काकांना काही न सांगता ऐकवले. त्यांनी डोळे मिटून ऐकले आणि विचारले, “हे देवळात कधी वाजवलं मी?” साडेवीस हजारांतले सगळ्यात स्वस्त सामान म्हणजे तो फुगा.

गाणाऱ्यांसाठी सातव्या आवृत्तीत आलेली एक सोय उल्लेखनीय आहे. एकच कडवे चार वेळा गायले की चारही प्रयत्न एकाच ट्रॅकमध्ये एकाखाली एक ओळींत राहतात, आणि माउस ओढून या ओळीतला हा शब्द, त्या ओळीतली ती तान असे निवडत गेले की एक सलग कडवे तयार होते. माझ्या बहिणीचा एक अभंग असा सात तुकड्यांतून जुळवला आहे. हे तिने प्रामाणिकपणे सगळ्यांना सांगून टाकले, एवढे नोंदवतो.

आता उणिवा. सगळ्यात मोठी ही, की रीपरमध्ये वाद्ये जवळजवळ नाहीत. रीसिंथ म्हणून जे मिळते त्याचा आवाज दाराच्या घंटीसारखा आहे, आणि रीसँप्लोमॅटिक५००० या भारदस्त नावाच्या प्लगइनमध्ये आपणच रेकॉर्ड केलेला आवाज घालून वाजवायचा असतो. ठेके, पियानो, व्हायोलिनचे ताफे यांतले काही नाही. सर्ज एक्सटी, व्हायटल, डेक्स्ड अशी फुकट आणि कायदेशीर वाद्ये वेगळी उतरवून जोडता येतात आणि ती उत्तम आहेत, परंतु ती शोधणे, बसवणे आणि समजून घेणे यात दोन-तीन रविवार जातात. खऱ्या तोडीचा फुकट तबला किंवा पखवाज मला तरी मिळाला नाही. दुसरी उणीव म्हणजे पसारा. सेटिंगची खिडकी उघडली की पानामागून पान येते, आणि आज्ञांची यादी हजारोंच्या घरात आहे. प्रत्येक गोष्ट बदलता येते याचा अर्थ चुकूनही बदलली जाऊ शकते; एकदा कोणते तरी बटण दाबले जाऊन माझे मिक्सर दिसेनासे झाले आणि ते परत आणायला रात्रीचे जेवण थांबले. संकेतस्थळावर चारशेहून अधिक पानांची मार्गदर्शिका फुकट आहे आणि केनी जिओया यांचे छोटे छोटे धडे तर अतिशय स्वच्छ आहेत, पण हे सारे इंग्रजीत. इंग्रजी सहज न वाचणाऱ्या वादकाला शेजारी कोणीतरी बसवावे लागेल. स्वरलिपीची सोय आहे ती पाश्चात्त्य पद्धतीची आणि तीही कामापुरती.

त्यामुळे ज्याला संध्याकाळी बसून रात्रीपर्यंत ठेका, बेस आणि सिंथ लावून एक ट्रॅक उडवायचा आहे, त्याला मी रीपर सुचवणार नाही. त्याने एफएल स्टुडिओची चाचणी आवृत्ती बघावी. त्यात सगळे हातात ठेवलेले असते आणि एकदा विकत घेतले की पुढच्या आवृत्त्या फुकट मिळत राहतात, मात्र पैसे भरेपर्यंत जतन केलेला प्रोजेक्ट पुन्हा उघडता येत नाही हे ध्यानात ठेवावे. घरात मॅक असेल तर गॅरेजबँड फुकट मिळते आणि सुरुवातीला त्यापलीकडे जाण्याचे कारण नाही. फक्त कथाकथन किंवा एकट्या आवाजाची कापाकापी करायची तर ऑडॅसिटी पुरे. पण ज्याच्यासमोर खरे वाद्य आणि खरा गळा आहे, ज्याला ते नीट टिपून, जुळवून, चार माणसांना ऐकवण्याजोगे करायचे आहे आणि ज्याचा लॅपटॉप म्हातारा आहे, त्याला या किमतीत दुसरे नाव मला सुचत नाही. अठरा ट्रॅकांचा गजर माझ्या चार जीबीच्या लॅपटॉपवर चालतो. जड झालाच तर एखादा ट्रॅक गोठवून ठेवता येतो, म्हणजे त्याचे प्लगइन तात्पुरते झोपतात आणि आवाज तसाच राहतो.

सामान घेताना मी एक चूक केली ती इतरांनी टाळावी. एक माईक लागणारा इंटरफेस घेऊन मी दीड-दोन हजार वाचवले, आणि आता पेटी आणि पखवाज एकत्र वाजवून घेता येत नाहीत. आधी पेटी, मग ती कानात ऐकत पखवाज, असे करावे लागते. पखवाजवाले बुवा हेडफोन घालायला तयार होतात, पण त्यांचे म्हणणे असे, की पेटीवाल्याच्या डोळ्यांत बघितल्याशिवाय तिहाई (समेवर येण्यासाठी तीनदा वाजवलेला तुकडा) पडत नाही. दोन माईकांचा इंटरफेस दिवाळीनंतर घ्यायचा ठरला आहे. तोवर आम्ही लॅपटॉप मधोमध ठेवून काकांना बुवांसमोर नुसते बसवतो. ते पेटी न वाजवता मान हलवतात, आणि तिहाई बरोबर पडते.